नाव संपतंय

दर डिसेंबरात एक ईमेल येतो:
तुमचं नाव सात दिवसांत संपत आहे.
उपनगरच्या खोलीत पारा नऊवर,
कीबोर्डची बटणं बोटांना चावतात,
आणि मी अकराशे एकोणपन्नास रुपये भरून
स्वतःचंच नाव आणखी वर्षभर भाड्यानं घेतो.
पहिल्या वर्षी नव्याण्णव होते.
घरमालक निदान भाडं वाढवायला
जिना चढून वर येतो.

सतरा वर्षं झाली. त्या नावाखाली
मी काय काय ठेवलंय:
अंबडच्या कंपनीतल्या जुन्या लेथचा आवाज,
कुठल्या चार्जरनं बॅटरी फुगली,
द्राक्षाच्या पेटीत तळाशी निघालेला
कानडी वर्तमानपत्राचा तुकडा
आणि त्यातल्या, वाचता न आलेल्या, एका फोटोतल्या बाईबद्दल दीड पान.

वाचणारे अकरा. पैकी सात यंत्रं.
यंत्रं इमानी, रात्री तीनला येतात,
सगळं वाचतात, अगदी २००९ पर्यंत मागे जातात,
जाताना दार लोटून घेतात.
उरलेल्या चौघांत एक माझा मेहुणा.

मी माणूस आहे की नाही
हे मात्र मलाच सिद्ध करावं लागतं.
ज्या चौकोनांत सिग्नल आहेत ते निवडा.
द्वारकेच्या चौकात अर्धं आयुष्य
सिग्नलकडे बघत घालवलं,
तरी दोनदा नापास.
खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही, कोणीच सांगत नाही.

परवा नेट गेलं. फायबरवाला वाल्मिक पगारे
शिडीवरून ओरडला, सर, खारीनं कुरतडलीय!
तेव्हा नीट पाहिलं:
ज्याला सगळे ढग म्हणतात
तो आमच्या गल्लीत
कडुलिंबाच्या फांदीला
सुतळीनं बांधलाय.

त्याच आठवड्यात काकांच्या अस्थी घेऊन
रामकुंडावर गेलो.
शौचे गुरुजींनी विचारलं, मूळ गाव?
साकळी, यावल तालुका.
आडनाव सांगेपर्यंत चोपडी उघडलेली.
ओटीपी नाही, अटी मान्य नाहीत की आहेत, काही नाही,
जाड बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.
माझ्या आजोबांची सही. मोडीत.
शेवटच्या अक्षराला शाई कमी पडलेली,
परत बुडवून गिरवलेली.
आजीच्या जागी नुसतं 'सहकुटुंब'.

मी बराच वेळ बघत राहिलो.
मनात एक सुंदर परिच्छेद तयार होत होता,
कागद कसा थोर आणि आपलं युग कसं पोकळ वगैरे.
तेवढ्यात गुरुजींचा पुतण्या फोन घेऊन वाकला,
पानाचा फोटो काढला,
सावली पडली म्हणून परत काढला.
पुरात दोन चोपड्या गेल्या ना, म्हणाला,
लगदा झाला सगळा.
मग त्या घराण्यांचं काय?
गुरुजी सुपारी कातरत म्हणाले,
येतात की. आठवतं तेवढं सांगतात.
आम्ही पुन्हा लिहितो.

परिच्छेद तिथंच राहिला.

दादा, तुम्हाला यातलं कळतं म्हणे,
पुतण्या म्हणाला, हे फोटो कुठं ठेवू
म्हणजे शंभर वर्षं टिकतील?
सतरा वर्षांत कुणी मला
इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.
माझ्याकडे दर गोष्टीवर मत असतं,
बॅटरीवर, पासवर्डवर, कुकीज खाऊ द्याव्यात की नाही यावर.
मी म्हणालो, तीन ठिकाणी ठेव.
आणि एक प्रत छापून.
आणि मग, गुरुजींनी पेन पुढं केलं तेव्हा,
आजोबांच्या खाली चार ओळी सोडून
नाव लिहिलं, बायकोचंही लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.
मोबाईल नंबरसाठी रकाना नव्हता.
समासात बसवला.

घरी येऊन दोन वर्षांचं भरलं.
दहा वर्षांचं बटण खाली होतं, सवलतीत, हिरवं.
त्यावर बोट नेलं.
मग म्हटलं, आधी चहा ठेवू.